बर्फातली आगोट

(सामुदायिक रेडिओवरील 'बाईपणाच्या गोष्टी' या सदरातलं भाषण)

 

आज सकाळी इकडं येताना पडघ्याच्या अलीकडं रस्त्याकडेला शेकोटी पेटलेली दिसली. चार बाया पदर डोक्यावरून घट्ट ओढून हात शेकत बसल्या होत्या. मला बघून एक मावशी म्हणाल्या, "काय गो, कवरी थंडी परलीय!" मी हो म्हटलं, पण मनात हसले. मी पाच हिवाळे अशा गावात काढलेत, जिथं नळाचं पाणी नळातच गोठतं आणि दोरीवरची ओली साडी पापडासारखी कडक होते.

हे मी गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत सहज बोलले. बैठक संपल्यावर आपल्या एका ताई मागं थांबल्या. त्यांचा मुलगा फौजेत भरती झालाय, पहिलीच नेमणूक लडाखला. त्या हळूच म्हणाल्या, "फोनवर विचारलं तर सगळं बरं आहे म्हणतो. तू खरं सांग, बर्फात माणूस राहतो कसा?" त्या ताईंसाठी आणि ज्यांची मुलं-मुली, जावई लांब थंड मुलखात गेलेत त्या सगळ्यांसाठी आज बोलणार आहे. शेवटी आपल्या इथल्या घरांसाठीही एक महत्त्वाची गोष्ट सांगणार आहे, तेव्हा रेडिओ मध्येच बंद करू नका.

आधी मी तिकडं गेलेच कशी ते सांगते. माझं माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. तो भाग दुष्काळी. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ इकडची माणसं कित्येक पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडलीत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून, तेजाबानं शुद्ध करून सराफाला परत देणं. भारतात कुठल्याही मोठ्या सराफ पेठेत जा, एखाद्या बोळात आमच्याकडचा गलाईवाला भट्टीसमोर बसलेला दिसेल. तसेच ते श्रीनगरलाही गेले. लाल चौकाच्या आसपास आमची मराठी घरं आहेत. तिथल्या मारुतीच्या देवळात ही मंडळी गणपती बसवतात, आणि विसर्जन झेलम नदीत करतात.

२००९ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. विट्याला बी.ए. केलेलं, वय एकवीस. दिवाळी झाल्यावर आमच्या ह्यांनी मला श्रीनगरला नेलं. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं जम्मू, आणि जम्मूहून जीपनं जवळजवळ तीनशे किलोमीटर घाट. आता जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला रेल्वे जाते. तेव्हा रस्ता हाच मोठा आधार होता. बनिहालच्या घाटात बर्फ पडला की तो बंद व्हायचा, कधी कधी चार-चार दिवस.

तुम्हाला वाटेल श्रीनगर खूप उंचावर असेल, म्हणून बर्फ. तसं नाही. आपलं महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच आहे आणि श्रीनगर साधारण १,५८५ मीटर. फार फरक नाही. फरक आहे तो उत्तरेचा. जितकं उत्तरेला जाल तितकं हिवाळ्यातलं ऊन तिरपं आणि दिवस लहान. म्हणून महाबळेश्वरला कधीमधी नुसतं दहिवर गोठतं आणि श्रीनगरला दल सरोवराच्या काठचं पाणी गोठतं. अलीकडेच, २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे, तिथं शून्याच्या खाली साडेआठ अंश गेलं होतं. पन्नास वर्षांतली डिसेंबर महिन्यातली ती सगळ्यांत थंड रात्र.

आम्ही एका काश्मिरी मुसलमान कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. घरमालकीण साठीच्या होत्या. सगळे त्यांना मौज म्हणायचे. आपल्याकडं मौज म्हणजे मजा, गंमत. तिकडं मौज म्हणजे आई. मला हिंदी बरं यायचं, त्यांना मोडकंतोडकं. पण बायकांना भाषेवाचून काय अडतं? कामाकडं बोट दाखवलं की पुढचं कळतंच.

मी पोचले तेव्हा चिनारची पानं लाल होऊन गळत होती. बाया बागेतली ती पानं झाडून ढीग करायच्या आणि धुमसत ठेवून त्यांचा कोळसा करायच्या. मौजच्या माळ्यावर दोऱ्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. मला वाटलं काही पूजेचं असेल. जवळ जाऊन बघितलं तर वांग्याच्या फोडी! उन्हाळ्यात चिरून, दोऱ्यात ओवून वाळवलेल्या. शेजारी दुधी, टोमॅटो, शलगम. वांग्याला ते वांगणच म्हणतात. सुकवलेले मासेसुद्धा होते. खाली तांदळाची, राजम्याची पोती, कोळशाची पोती, लाकूडफाटा.

आता भिवंडीत आल्यावर मला याला काय म्हणायचं ते कळलं. आगोट. पावसाळ्याच्या तोंडावर इथल्या आगरी-कोळी घरांत सुकट, बोंबील, जवळा, कांदे, मिठाची बरणी, सरपण, सगळं भरून ठेवतात ना? मौजच्या माळ्यावर बर्फाची आगोट होती. पण तेव्हा मी नवी नवरी. माणदेशाच्या बाजूची, आमच्याकडं पाऊसच नाही तर आगोट कुठली? मी म्हटलं बाजार तर खालीच आहे, लागेल तसं आणू. मौजनं दोनदा खुणेनं विचारलं, तुझी पोती कुठं आहेत? मी हसून मान हलवली.

जसं आपण मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी पावसाची नक्षत्रं मोजतो, तशी तिकडं थंडी मोजतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलाँ, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द. आपल्याकडं गावांची नावं असतात बघा, अमुक खुर्द, तमुक बुद्रुक. तोच हा खुर्द, म्हणजे धाकटा. आणि शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. असे सत्तर दिवस झाले की माणूस सुटला.

पहिला बर्फ पडला तेव्हा मी झोपेत होते. जाग आली ती शांततेनं. रस्त्याचा, कुत्र्यांचा, कशाचाच आवाज नाही. वाटलं कानात दडा बसला. खिडकी उघडली तर सगळं पांढरं. मौज अंगणातून वर बघून ओरडली, "शीन मुबारक!" शीन म्हणजे बर्फ. पहिल्या बर्फाच्या शुभेच्छा देतात तिकडं, आपण दसऱ्याला सोनं देतो तशा. मी पळत खाली गेले, चप्पल घालूनच. तिसऱ्या पायरीवर जी घसरले ती थेट अंगणात. सगळं घर हसलं, मीही हसले. पण कंबर आठ दिवस धरून होती.

मौजनं दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा घेतली. ताज्या बर्फावर पाय रुततो, घसरत नाही. रात्री गोठून सकाळी काच झालेल्या बर्फावर पाय जातो. म्हणून सकाळी आधी चुलीतली राख पायऱ्यांवर टाकायची, मगच उतरायचं. पाऊल लहान टाकायचं, बदकासारखं. हात खिशात नाही ठेवायचे, मोकळे ठेवायचे. पत्र्याच्या उतरत्या छपराखाली उभं राहायचं नाही, कारण वरचा बर्फ एकदम धबकन खाली येतो. पागोळ्या गोठून सुळे लटकतात, त्यांना ते शिशिरगाँठ म्हणतात. शिशिर हा आपलाच शब्द, तिथं मला छपराला लटकलेला भेटला.

पाण्याचं वेगळंच. रात्री झोपताना नळ पूर्ण बंद करायचा नाही, बारीक धार ठेवायची. वाहतं पाणी लवकर गोठत नाही. उघड्या पाइपाला गोणपाट गुंडाळायचं. आणि पाइप गोठलाच तर त्यावर उकळतं पाणी ओतायचं नाही, तो तडकतो. मी माहेरून नेलेला मातीचा माठ पहिल्याच आठवड्यात फुटला. काठोकाठ भरून ठेवला होता. पाणी गोठताना फुगतं, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचून मार्क मिळवले होते, पण माठ भरताना ते आठवलं नाही.

कपड्यांचंही शिकावं लागलं. एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घातलेले जास्त ऊब देतात, कारण मधे हवा अडकते. सुती कपडा ओला झाला की अंगाची ऊब ओढून घेतो, म्हणून अंगाला लागून लोकरीचं. वरून फेरन, तो घोळदार लांब झगा. फेरनच्या आत हात ओढून घ्यायचे आणि पोटाशी कांगडी धरायची. कांगडी म्हणजे काड्यांच्या विणलेल्या टोपलीत मातीचं बोळकं, त्यात राखेखाली निखारे. माझी साडी मात्र सुटली नाही. साडीवर फेरन घालून मी बाजारात जायचे आणि लोक ओळखायचे, ही गलाईवाल्याची बायको.

एक गोष्ट सांगते, हसू नका. त्या पहिल्या जानेवारीत माझ्या पायाची बोटं सुजून लालबुंद झाली, रात्रभर खाज आणि ठणका. मी बाहेरून आले की गार पाय थेट शेगडीला लावायचे, नाहीतर कढत पाण्यात बुडवायचे. तेच चुकत होतं. गारठलेला भाग हळूहळू गरम करायचा असतो. आधी कोरडा पुसायचा, लोकरीत गुंडाळायचा. पण तोवर जोडवी बोटात रुतली. निघेनात. आमच्या ह्यांनी दुकानातली बारीक कातर आणली आणि दोन्ही पायांची जोडवी कापून काढली. गावाकडं सासूबाईंना फोनवर सांगितलं तर पलीकडं गप्प. सौभाग्याचं लेणं कापलं म्हणजे काय! थोड्या वेळानं म्हणाल्या, "बोटं राहिली ना? मग चांदी कुठं जातीय, आटवून ठेव म्हणावं त्याला." गलाईवाल्याची आई होती ती. थंडी सरल्यावर त्याच चांदीची नवी जोडवी झाली.

त्या वर्षी आठ दिवस रस्ता बंद होता. बाजारात भाजी नाही. मौजनं न बोलता माळ्यावरची एक वांगणाची माळ माझ्या दारात अडकवली. मी भिजवून, आमच्या पद्धतीनं दाण्याचं कूट आणि काळा मसाला घालून रस्सा केला, एक वाटी तिला दिली. तिनं खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितला. संक्रांतीला आम्ही पाच-सहा मराठी बायका एका खोलीत जमलो, काळ्या साड्या, वरून फेरन, मधे कांगडी. मौजला तीळगूळ दिला. तीळ, गूळ, काळा रंग, सगळं ऊब देणारं. आपल्या जुन्या बायकांना ते कळत होतं, पण मला त्याचा अर्थ लागला तो उणे पाचमध्ये.

दुसऱ्या वर्षी मी माळा ओवल्या, पोती भरली. तिसऱ्या वर्षी तर मी नव्या आलेल्या बायकांना सांगायला लागले. मला वाटायला लागलं, आता मला सगळं येतं.

आणि बायांनो, इथंच मी चुकले.

२०१२ चा जानेवारी. आमची लेक आठ महिन्यांची. दोन दिवस बर्फ पडत होता आणि दोन दिवस वीज नव्हती. आमच्याकडं बुखारी होती, म्हणजे पत्र्याची शेगडी, जिचा धूर नळकांड्यातून खिडकीबाहेर जातो. पण तिचं नळकांडं बर्फानं तुंबलं होतं आणि धूर घरात येत होता. मी ती विझवली. खाली मौजच्या खोलीत जाऊन झोपलो असतो तर प्रश्नच नव्हता. पण रात्रीचे दहा वाजलेले, कशाला त्रास द्यायचा असं वाटलं. संकोच वाटला म्हणा ना. मग माझ्याच डोक्यातून निघालं. दुकानात भट्टीचा चांगला कोळसा होता. आमच्या ह्यांनी लोखंडी घमेल्यात तो पेटवून आणला. धूर नव्हता, लालभडक निखारे. मी म्हटलं, धूर नाही म्हणजे भीती नाही. लेकीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली घोंगडी लावली. खोली इतकी छान ऊबदार झाली की तीन वर्षांत पहिल्यांदा मी स्वेटर काढून झोपले.

मधेच कधीतरी जाग आली. डोकं फुटतंय असं वाटत होतं. उठून पाणी घ्यावं म्हटलं तर पाय हलेनात. घाबरले नाही, हेच भयंकर होतं. वाटलं, झोपावं. लेकीकडं बघितलं, ती शांत होती. मी पुन्हा डोळे मिटले.

आमची लेक रोज पहाटे चारच्या सुमाराला दुधासाठी रडायची, असं रडायची की अख्खं घर उठायचं. मौजची त्याच वेळी नमाजाआधी उठायची सवय. त्या पहाटे ती उठली, आणि वरून रडणं आलं नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग जिन्यातून हाक मारली. मग दार वाजवलं. मग मुलाला उठवलं, आणि त्यानं खांद्यानं दाराची कडी तोडली.

मला आठवतं ते एवढंच, तोंडावर गार हवा, आणि मी अंगणात बर्फावर अंथरलेल्या घोंगडीवर पडलेले. आमचे हे शेजारी ओकत होते. आणि मौज लेकीला उलटी धरून तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. किती वेळ गेला माहीत नाही. मग ती रडली. बायांनो, तिचं जन्माच्या वेळचं रडणं मला इतकं आठवत नाही, हे आठवतं.

दवाखान्यात तिघांनाही प्राणवायू लावला. संध्याकाळी घरी आलो. मौज माझ्यावर इतकी चिडली होती की हिंदी विसरून काश्मिरीतच बोलत होती. तिच्या मुलानं मला सांगितलं, अम्मी म्हणतेय, जिना उतरायला तुझे पाय झिजले असते का?

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते तुम्हाला सांगते. कोळसा, लाकूड, गॅस, काहीही जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा पुरत नाही, तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. आपण श्वास घेतो तेव्हा रक्त प्राणवायू उचलतं. पण हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग छाती वर-खाली होत राहते, श्वास चालू असतो, पण मेंदूला प्राणवायू पोचतच नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग गुंगी येते. गुंगी येते म्हणून माणूस उठत नाही. लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांना तो लवकर धरतो.

मग तुम्ही विचाराल, काश्मिरी माणसं रोज निखारे पोटाशी धरतात, त्यांना काही होत नाही का? मीही मौजला हेच विचारलं. तिनं मला अंगणात नेऊन दाखवलं. कांगडी घरात पेटवायची नाही. अंगणात पेटवायची, धूर आणि ज्वाळा पूर्ण जाईपर्यंत तिथंच ठेवायची, वर राखेचा थर द्यायचा, मग आत न्यायची. निखारे ओंजळभरच, घमेलंभर नाही. झोपताना ती बाजूला, खोलीबाहेर. आणि खोलीला एक फट कायम उघडी. मी तीन वर्षं तिची कांगडी बघत होते, वापरत होते, पण ती आत येण्याआधी अंगणात काय होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. आणि कांगडीचाही त्रास असतोच. वर्षानुवर्षं एकाच जागी भाजून कातडीचा कॅन्सर झालेली माणसं तिकडं डॉक्टरांकडं येतात. म्हणून मौज सुनांना सांगायची, अंगाला टेकवू नका, मधे कपडा ठेवा.

त्यानंतर अजून दोन हिवाळे आम्ही तिथं काढले. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमला महापूर आला. लाल चौक कित्येक दिवस पाण्याखाली होता. दुकान गेलं, भट्टी गेली. मौजच्या घराचा खालचा मजला बुडाला, तेव्हा ती आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. तेवढीच परतफेड. मग आमच्या दिरांनी भिवंडीला बोलावलं आणि आम्ही इकडं आलो.

आता, मघाशी म्हटलं होतं ती तुमच्या घराची गोष्ट.

आपल्याकडं बर्फ नाही, पण बंद खोल्या आहेत. वीटभट्टीवरच्या झोपड्या आठवा. डिसेंबर-जानेवारीत प्लास्टिकनं चारी बाजूंनी बंद केलेली झोपडी, आत शेगडी, आणि तिच्याभोवती झोपलेली पोरं. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून दार-खिडकी लावून घेतो, ते आठवा. आणि आता गावागावांत नवीन घरं झाली, लहानशा बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवतात. दार बंद, खिडकी बंद, गिझर चालू. तोच वायू, तेच मरण. त्याला काश्मीर लागत नाही.

म्हणून चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं झोपायच्या खोलीत ठेवून झोपायचं नाही. शेकून झालं की बाहेर. दोन, शेक देताना खिडकी किंवा दार थोडं उघडं. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून त्यांना कपड्यात गुंडाळा, पण खोली बंद करू नका. तीन, गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या. आत असेल तर आधी बादली भरा, गिझर बंद करा, मग अंघोळीला जा. चार, खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि लडाखला मुलगा असलेल्या ताई, तुम्हाला सांगते. तुमच्या मुलाला फौज कपडे देते, बूट देते, उंचावर चढवण्याआधी काही दिवस थांबवून अंगाला सवय करून देते. त्याची फार काळजी करू नका. फोनवर फक्त एवढंच विचारा, "पाय कोरडे ठेवतोस ना? आणि रात्री खोलीत हवा येते ना?" आईनं असं नेमकं विचारलं की मुलगा खरं सांगतो.

शेवटचं एक. भिवंडीत रोज कुणी ना कुणी नवीन येतं. यंत्रमागावर कामाला, गोदामांत कामाला. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून. त्यांच्या बायका आपल्या शेजारी राहतात. त्यांना बर्फ बघायचा नसतो, पण आपला पाऊस बघायचा असतो. कुठला ओढा तासाभरात चढतो, कुठल्या विहिरीचं पाणी जुलैत गढूळ होतं, भातशेताच्या बांधावर रात्री बॅटरीशिवाय का जायचं नाही, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक. त्यांना कोण सांगणार? आणि त्या विचारत नाहीत, कारण त्यांनाही संकोच वाटतो, जसा मला दहा वाजता जिना उतरायला वाटला.

आमच्या गटानं दोन वर्षांपासून एक नियम केलाय. वस्तीत नवं बिऱ्हाड आलं की आठ दिवसांत गटातल्या दोघींनी जाऊन यायचं. सोबत वाटीभर काहीतरी न्यायचं, आणि इथल्या चार गोष्टी सांगून यायच्या. दवाखाना कुठं, रेशन कुठं, पावसाळ्याची आगोट कशी भरायची, अडीनडीला कुणाचं दार वाजवायचं. याला पैसे लागत नाहीत, ठराव लागत नाही. त्यातल्या तिघी आता आमच्या गटाच्या सभासद आहेत. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, असं माझं सांगणं आहे.

आमची लेक आता चौदा वर्षांची आहे. भिवंडीच्या शाळेत जाते, बर्फाचं तिला काही आठवत नाही. दर वर्षी डिसेंबरात कधीतरी सकाळी फोन वाजतो. पलीकडून मौज ओरडते, "शीन मुबारक!" आणि लगेच म्हणते, पोरीला फोन दे. लेक फोन घेते, आणि मौज तिला एकच सांगते, बोल काहीतरी, मोठ्यानं बोल, मला ऐकू दे.